मातीच्या चकतीचा कैवार

घेतलेल्या वस्तूच्या तोडीची किंवा तिच्याहून सरस वस्तू मागे ठेवावी, हा जिओकॅशिंग नावाच्या खेळातील देवघेवीचा एकमेव दस्तूर आहे. आणि तो पाळला गेला की नाही हे पाहण्यासाठी रानात ना कोणी चौकीदार असतो, ना कोणी जामीन मागतो, ना वर्षअखेरीस कोणी जमाखर्च तपासतो. उपग्रहांच्या साह्याने अक्षांश-रेखांश हेरून अनोळखी माणसाने दडविलेली पेटी हुडकायची, आतल्या वहीत आपले नाव व तारीख लिहायची, वाटल्यास एखादी वस्तू उचलून दुसरी ठेवायची आणि पेटी पूर्ववत लपवून निघून जायचे, एवढाच हा खेळ. या देवघेवीसाठी काही मंडळी स्वहस्ते मातीच्या लहान चकत्या घडवितात, त्यांवर एखादे पान, पक्षी अथवा स्वतःचे सांकेतिक चिन्ह उमटवितात, आणि रिकामटेकड्यांचा उद्योग म्हणून त्यांची थट्टा करणारेही पुष्कळ आहेत. माझा कौल चकती घडविणाऱ्यांच्या बाजूने आहे.

या खेळाचा जन्म एका सरकारी फर्मानातून झाला. नागरिकांच्या वापरातील जीपीएस संदेशांत लष्करी कारणास्तव जी अशुद्धता हेतुपुरस्सर मिसळली जात असे, ती बंद करण्याचा निर्णय १ मे २००० रोजी अमेरिकेचे अध्यक्ष बिल क्लिंटन यांनी जाहीर केला, आणि ज्या यंत्रांची चूक शंभर मीटरांच्या घरात जाई ती एका रात्रीत दहा-वीस मीटरांच्या आत नेमके ठिकाण दाखवू लागली. लगेच ३ मे रोजी ऑरेगन राज्यातील पोर्टलँड शहराजवळ, बीव्हरक्रीकच्या परिसरात, डेव्ह अल्मर या संगणकतज्ज्ञाने रानात एक काळी बादली ठेवून तिचे अक्षांश-रेखांश प्रसिद्ध केले. बादलीत वही व पेन्सिल होती, पुस्तके होती, एक गलोल होती आणि कडधान्याचा एक सीलबंद डबाही होता. काही घ्यावे, काही ठेवावे, ही अट त्याच बादलीपासून चालत आली आहे. गंमत अशी की वन्य पशू वासाने पेट्या फोडतात म्हणून खाद्यपदार्थ ठेवण्यास पुढे मनाई झाली, त्यामुळे आद्य पेटीतील तो डबा आजच्या कायद्याने गुन्हेगार ठरला असता. प्रत्यक्षात मात्र त्याला क्रमांक देऊन मानाने गावोगाव फिरविण्यात आले.

अट चांगली असली तरी तिचा अंमल मात्र काळानुसार सैल पडत जातो. खोटे नाणे खऱ्या नाण्यास व्यवहारातून हुसकावून लावते, हा टॉमस ग्रेशॅमच्या नावावर रूढ असलेला अर्थशास्त्रातील सिद्धांत ज्याला प्रत्यक्ष पाहावयाचा असेल त्याने एखादी जुनी पेटी उघडून पाहावी: आरंभी तिच्यात होकायंत्र, विजेरी, बरी खेळणी असतात, मग कोणी विजेरी उचलून किल्लीची साखळी ठेवतो, पुढचा साखळी उचलून गुंडी ठेवतो, आणि दोन पावसाळ्यांनंतर तिथे गोल्फचा फुटका चेंडू, गंजलेले नाणे व उपाहारगृहात जेवणासोबत फुकट मिळालेले प्लॅस्टिकचे खेळणे एवढाच ऐवज बाकी उरतो. यात कोणी एकजण लबाडी करतो असे नव्हे. प्रत्येकाने मनाशी बाजारभाव लावून पाहिलेला असतो, आणि बाजारात डझनाच्या हिशेबाने मिळणाऱ्या स्वस्त मालाला तो भाव सहज पुरून उरतो. हाताने घडविलेल्या चकतीपाशी हा हिशेबच खुंटतो. तिला बाजारभाव नसल्यामुळे तो खाली ओढण्याचीही सोय नसते. अर्थात हस्तनिर्मित या विशेषणाने बेढबपणास माफी मिळते असे मी मानत नाही. बोटांचे ठसे जिच्यावर अनवधानाने राहिले आहेत अशी ओबडधोबड गोळी पेटीत टाकणे आणि तुटकी साखळी टाकणे यांत मला फारसा फरक दिसत नाही.

आता प्रश्न येतो तो मातीचा, आणि इथे पुष्कळ उत्साही मंडळी फसतात. परदेशातील मराठी घरांतून गणेशोत्सवासाठी आणलेली शाडू उरली की मुलांना तिच्या चकत्या करण्याचा मोह होणे स्वाभाविक आहे. परंतु पाण्यात सुखाने विरघळावे हा जो शाडूचा गुण विसर्जनाच्या वेळी आपण वाखाणतो, तोच ऑरेगन-वॉशिंग्टनच्या दीर्घ हिवाळी पावसात, झाकण किंचित उघडे राहिलेल्या डब्यात, सर्वनाशास कारण होतो, आणि चकतीबरोबर वहीही चिखलाने माखते. दुकानांत पॉलिमर क्ले म्हणून जी रंगीबेरंगी लादी मिळते ती घरच्या ओव्हनमध्ये सुमारे १३० अंश सेल्सिअसला घट्ट होते, भिजत नाही आणि सूक्ष्म नक्षीही उत्तम धरते. म्हणून बहुतेक लोक तिच्याकडेच वळतात. मात्र ती मुळात पीव्हीसी आहे. रानातून प्लॅस्टिक कमी व्हावे म्हणून चकत्या करणाऱ्याने तिचाच आश्रय घ्यावा हे मला विसंगत वाटते.

उरते ती कुंभाराची खरी माती आणि खरी भट्टी. चकती जाड असेल वा पुरती वाळली नसेल तर आतल्या पाण्याची वाफ होऊन ती भट्टीतच फुटते. म्हणून ती पातळ लाटावी, सावलीत सावकाश वाळवावी, आणि वाळताना व भाजताना ती आकसणार हे ध्यानात घेऊन मूळ साच्यात थोडी सढळ राखावी. सुमारे ६०० अंशांच्या पुढे मातीच्या घटनेतच बांधलेले पाणी निघून गेले म्हणजे ती पुन्हा कधीही चिखल होऊ शकत नाही, आणि १००० अंशांच्या आसपास भाजलेली चकती पेटीत वर्षानुवर्षे टिकते. तरीही ती सच्छिद्र असल्यामुळे थंड प्रदेशात मुरलेले पाणी गोठून तिला तडा जाऊ शकतो; झिलई देऊन पुन्हा भाजल्यास पाणी कमी मुरते. हे सारे करावयाचे तर सार्वजनिक कलाशाळेच्या भट्टीत आपली पाळी येण्याची वाट पाहावी लागते. ही दिरंगाई मला दोषास्पद वाटत नाही, कारण जिच्यासाठी इतके थांबावे लागले ती वस्तू कोणी निष्काळजीपणाने टाकून देत नाही.

या खेळात धातूची क्रमांकित नाणीही फिरतात. त्यांचा क्रमांक दफ्तरी नोंदलेला असतो, ती कोणी कोठून कोठे नेली याची साद्यंत हकीकत मिळते, आणि सापडणाऱ्याने ती जवळ न ठेवता पुढच्या पेटीत पोहोचवावी असा संकेत आहे. मातीच्या चकतीमागे असे कोणतेही दफ्तर नसते. एके काळी मात्र मातीच्या अशा वस्तू हेच दफ्तर होते: पश्चिम आशियात इसवी सनापूर्वी सुमारे ८००० वर्षांपासून मातीचे छोटे शंकू, गोल व चकत्या मोजदादीसाठी वापरात होत्या, आणि लेखनविद्येचा उगम त्यांतूनच झाला असे डेनिस श्मान्त-बेसेराट या विदुषीने प्रतिपादन केले आहे. ते मत सर्वमान्य नसले तरी त्या गोळ्यांच्या मागे धान्याचे माप, तेलाचा बुधला, कोणाचे तरी येणे उभे होते यात शंका नाही. पेटीतील चकती कोणाचेही देणे फेडीत नाही वा येणे सांगत नाही. ज्याच्या खिशात ती गेली त्याच्याकडून पोच येईल ही अपेक्षाही करता येत नाही, आणि मला तर नोंदलेल्या नाण्यांपेक्षा तिचा हाच निःसंगपणा अधिक रुचतो.

म्हणून चकतीवर क्रमांक घालू नये. आपले चिन्ह आणि साल एवढे पुरे. घडविणाऱ्याने बदल्यात काही उचलावे की नाही याविषयी मतभेद आहेत. माझ्या मते दुसऱ्या कोणी हाताने केलेली वस्तू असेल तरच उचलावी, एरव्ही ठेवून रिकाम्या हाताने परतावे. अलीकडे छायाचित्रांच्या फिल्मच्या डबीएवढ्या किंवा त्याहूनही लहान पेट्यांची संख्या फार वाढली आहे. तिथे गुंडाळलेल्या कागदालाच जेमतेम जागा असते. तिथे चकती कोंबण्याचा हट्ट धरू नये, कारण त्या कागदाचा चुरा झाला तर तो बदलण्यासाठी पेटीच्या मालकाला पुन्हा तो सारा डोंगर चढावा लागतो.