अमेरिकेपेक्षा गल्ली लांब!

दिवाळी जवळ आली की घरोघर मोजदाद सुरू होते. करंज्या किती झाल्या, फराळाला कोण कोण येणार, बोनसपैकी हाती किती उरले. हल्ली या मोजदादीत इंटरनेटच्या वेगाची भर पडली आहे. “आमचं पन्नासचं आहे.” “आम्ही बाई शंभरचं घेतलं.” पूर्वी रेडिओ किती व्हॉल्व्हचा असे विचारीत, त्याच थाटात हे विचारले जाते. आणि एवढे शंभराचे घेऊनही ऐन पाडव्याला, जालन्यातल्या एखाद्या खात्यापित्या घरी, न्यूयॉर्कच्या नातवाशी काय बोलणे चालते ते ऐका.

“आजोबा, तुम्ही बोला ना.”

“नाही बाळ, तू बोल आधी.”

मग दोघेही एकदम बोलतात आणि दोघेही एकदम गप्प होतात. आजोबांना वाटते, पोरगा घाईत आहे. नातवाला वाटते, आजोबा रुसले. शेवटी आजी पुढे होऊन म्हणते, “अहो, सातासमुद्रापलीकडून आवाज यायचा, वेळ लागणारच!”

आजीचे म्हणणे अगदीच चूक नाही. परंतु हिशेब करून पाहण्यासारखा आहे. काचेच्या तारेतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर धावतो. जालन्याहून मुंबई सुमारे ४०० किलोमीटर. म्हणजे जाऊन येऊन एका सेकंदाचे हजार भाग केले तर त्यांतले चार. न्यूयॉर्क साडेबारा हजार किलोमीटर धरा. जाऊन येऊन सव्वाशे भाग. तारा सरळ रेषेत टाकलेल्या नसतात, वाटेत ठाणी असतात, म्हणून प्रत्यक्षात दोनशेच्या पुढे जाते. तरीही तो सेकंदाचा पाचवा हिस्सा! एवढ्याने कोणी रुसत नाही. मग उरलेला उशीर होतो कुठे?

तो होतो घरातच. आजोबा दिवाणखान्यात बोलत असतात आणि आतल्या खोलीत धाकट्या सूनबाईंचा मोबाईल रांगोळीचे फोटो अन् फटाक्यांचे व्हिडिओ कुठल्याशा दूरच्या भांडारात मुकाट्याने चढवीत असतो. सूनबाईंना त्याचा पत्ताही नसतो. हे सामान आणि आजोबांचा आवाज, दोन्ही एकाच पेटीतून बाहेर पडायचे असते.

जालनेकरांना हे समजावून सांगायला मोंढ्याइतका चांगला दाखला नाही. दिवाळीच्या सुमारास सोयाबीनच्या ट्रॉल्यांची रांग लागते. काटा दिवसाला किती क्विंटल तोलतो, हा झाला वेग. आणि शेवटच्या माणसाचा नंबर किती वाजता लागला, हा झाला उशीर. या दोन निराळ्या गोष्टी आहेत. काटा कितीही झपाट्याने चालो, चाळीस ट्रॉल्यांमागे अर्धे पोते घेऊन उभा राहिलेला म्हातारा चाळीस ट्रॉल्या तोलून होईपर्यंत तिथेच उभा. आजोबांचा आवाज म्हणजे ते अर्धे पोते. आणि रांग फार लांबली म्हणून पटांगण मोठे केले तर? रांग आत मावेल, पण काटा तेवढाच राहील. उलट, जागा आहे असे पाहून आणखी ट्रॉल्या येतील.

इंटरनेटच्या पेट्यांचे नेमके हेच झाले. पेटीत पाकिटे तात्पुरती ठेवण्याची जी जागा असते तिला बफर म्हणतात. स्मृतीची किंमत उतरत गेली तशा कारखानदारांनी या कोठ्या वाढवल्या. हेतू चांगला होता, एकही पाकीट वाया जाऊ नये. हिशेब मात्र असा की कोठीत १ मेगाबाइट, म्हणजे ८ मेगाबिट माल साठला आणि वर पाठवण्याचा वेग सेकंदाला ५ मेगाबिट असला, तर कोठी रिकामी व्हायला १.६ सेकंद लागतात. म्हणजे आजोबांचा शब्द न्यूयॉर्कला जाऊन येण्यास लागतो त्याच्या कितीतरी पट वेळ नुसता कपाटावरच्या पेटीतून गल्लीतल्या खांबापर्यंत पोचण्यात जातो!

ही कोठी दयाळू वाटते, पण तिने एक जुना उपाय निकामी केला. १९८६ साली कॅलिफोर्नियात बर्कलीच्या प्रयोगशाळेपासून तिथल्या विद्यापीठापर्यंत, अवघ्या चारशे यार्डांत, सेकंदाला ३२ हजार बिटांचा वेग ४० बिटांवर घसरला होता. व्हॅन जेकबसन यांनी १९८८ साली त्यावर तोडगा मांडला. त्याचे मर्म असे की पाकीट हरवले की पाठवणाऱ्याने ओळखावे, वाटेत गर्दी आहे, आणि हात आखडता घ्यावा. आता कोठी अवाढव्य झाल्यावर पाकीट हरवेच ना, त्यामुळे पाठवणारा ओततच राहतो. २०१० साली अमेरिकेतले जिम गेटिस हे अनुभवी संगणकतज्ज्ञ घरून फायली पाठवीत असता याच दुखण्याशी येऊन थडकले. त्याला त्यांनी नाव दिले ‘बफरब्लोट’, म्हणजे कोठीला आलेली सूज. पुढे २०१२ साली कॅथलीन निकल्स आणि तेच जेकबसन यांनी औषध काढले. रांग किती लांब, हे पाहू नका. पाकीट किती वेळ तिष्ठले, ते पहा. हजारात पाच भागांहून जास्त तिष्ठणे काही काळ टिकले, तर एखादे पाकीट सोडून द्या, म्हणजे पाठवणारा सावध होईल. याला लहान पोत्यांसाठी निराळ्या रांगेची जोड मिळाली आणि २०१८ साली ही पद्धत इंटरनेटच्या नियमपत्रांत छापली गेली.

हे सारे आजोबांच्या रुसव्यापुरते असते तर एवढे पान खर्ची घालण्याचे कारण नव्हते. पण आज जालन्याची मुलगी घरातल्या पडद्यासमोर बसून पुण्याच्या नोकरीची मुलाखत देते. २०१४ साली काही जर्मन संशोधकांनी तपासून पाहिले, तेव्हा १.२ सेकंदाचा उशीर असला की समोरचा माणूस कमी लक्ष देणारा आणि कमी आपुलकीचा वाटतो, असे आढळले. दोष पेटीचा, शेरा मुलीवर!

तेव्हा मोजायचे काय, ते सांगतो. वेग दाखवणारी जी साधने सगळ्यांच्या मोबाईलवर असतात त्यांतल्या काहींत ‘पिंग’चे एक नव्हे, तीन आकडे असतात. एक निवांत असतानाचा, दुसरा माल उतरवताना आणि तिसरा माल चढवताना. आपली नजर मोठ्या अक्षरांतल्या वेगावरच खिळते, हे बारीक आकडे कोणी पाहत नाही. निवांत २० आणि चढवताना ४५, तर घर निरोगी समजावे. निवांत २० आणि चढवताना ९००, तर सूज आली. चाचणी शक्यतो पेटीला तार जोडून घ्यावी; भिंतीपलीकडून घेतली तर वायफायचा दोषही त्यात मिसळतो.

लागलीच दोनशेचे कनेक्शन घ्यायला धावू नये. वेग वाढला की कोठी लवकर रिकामी होते हे खरे, पण तितक्याच लवकर ती भरणारी उपकरणेही घरात येतात. आधी फुकटचा उपाय करावा. फोटो चढवण्याचे काम रात्री दोनवर टाकावे आणि मुलाखतीच्या वेळी बंदच ठेवावे. दुसरा उपाय पेटीतला. चांगल्या राउटरांत ‘एसक्यूएम’ नावाची सोय असते. ती चालू करून, मोजलेल्या वेगाच्या ८५ ते ९० टक्क्यांवर मर्यादा घालावी, म्हणजे रांग शहाण्या पेटीत लागते. शंभराचे नव्वद झाले म्हणून पुरुषमंडळी हळहळतात. त्यांना तो बारीक आकडा दाखवावा. कंपनीने दिलेल्या पुष्कळशा पेट्यांत ही सोय नसते, हेही सांगून ठेवतो.

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी सारे गाव मोबाईलवर एकदम बोलू लागते, तेव्हा रांग मनोऱ्यावर लागते आणि तिथे आपला इलाज नाही. मात्र घरच्या तारेबद्दल तक्रार करावयाची तर “नेट स्लो आहे” एवढ्यावर थांबू नये. निवांतचा आकडा, भाराखालचा आकडा आणि घड्याळातली वेळ, अशा तीन गोष्टी आठवडाभर दिनदर्शिकेवर दुधाच्या हिशेबाशेजारी टिपाव्यात आणि त्याच फोनवर वाचून दाखवाव्यात.