शपथ घेण्याआधी घरात बसून बोला

मुलगा किंवा मुलगी परदेशात स्थिरावली असेल, तर आज ना उद्या तुमच्या घरात हा विषय निघणार. ग्रीन कार्ड झालं, पीआर (कायम राहण्याचा परवाना) झाला, आता नागरिकत्वाचा अर्ज भरायचा का? पुष्कळ घरांत हा निर्णय फोनवर, घाईघाईत होतो आणि नंतर कागदपत्रं निस्तरत बसावं लागतं. म्हणून हे सांगणं आहे. तिकडे राहणाऱ्या तुम्हाला, आणि इकडे वाट पाहणाऱ्या तुम्हालाही.

एक गोष्ट आधी पक्की समजून घ्या. भारत दुहेरी नागरिकत्व मानत नाही. १९५५च्या नागरिकत्व कायद्याचं नववं कलम सांगतं की तुम्ही आपल्या इच्छेने दुसऱ्या देशाचे नागरिक झालात की भारताचं नागरिकत्व संपलं. त्यासाठी वेगळा राजीनामा लागत नाही. जर्मनी जून २०२४ पासून म्हणते, जुनं नागरिकत्व ठेवलंत तरी आमची हरकत नाही. तो जर्मनीचा नियम झाला. भारताची हरकत कायम आहे.

परदेशी नागरिक झालेल्या मूळ भारतीयांना ओसीआय कार्ड मिळतं. ते हातात आलं की आपण अजून अर्धे भारतीय आहोत, असं अनेकांना वाटतं. मनाने तुम्ही पूर्ण भारतीय असाल. कायद्याने ते कार्ड म्हणजे जन्मभराचा व्हिसा आहे. या, राहा, घर घ्या, बहुतेक नोकऱ्या करा. मत देता येणार नाही, निवडणूक लढवता येणार नाही, सरकारी नोकरी मिळणार नाही. आणि व्हिसा रद्दही होऊ शकतो. ऑगस्ट २०२५ पासून तर दोन वर्षं किंवा अधिक शिक्षा झाली, किंवा सात वर्षं किंवा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यात आरोपपत्र दाखल झालं, तरी हे कार्ड काढून घेता येतं.

आता घरच्या थोरांनो, तुमच्याशी. "देश सोडला," "पैशासाठी पासपोर्ट बदलला," असं मुलांना बोलू नका. सरकारने संसदेत दिलेल्या आकड्यांनुसार २०२२ साली २,२५,६२० जणांनी भारतीय नागरिकत्व सोडलं, २०२४ साली २,०६,३७८ जणांनी. ही सगळी माणसं देशावर रुसलेली नाहीत. त्यांची कारणं पुष्कळदा तुमच्यापाशीच येऊन थांबतात.

अमेरिकेत ग्रीन कार्डावर असलेल्या मुलीला आईवडिलांसाठी ग्रीन कार्ड मागता येत नाही. नागरिक झाली आणि वयाची २१ वर्षं पूर्ण असली की येतं. ग्रीन कार्डावर असताना आगाऊ परवानगी न काढता वर्षभराहून जास्त काळ अमेरिकेबाहेर राहिलं, तर ते कार्ड धोक्यात येतं. कॅनडाचा पीआर टिकवायचा तर पाच वर्षांत ७३० दिवस तिथे काढावे लागतात. म्हणजे वडिलांना पक्षाघात झाला आणि सांगलीला येऊन दोन वर्षं त्यांच्याजवळ राहायचं म्हटलं, तर पीआरवाल्याला दिवस मोजत बसावं लागतं. नागरिक झालेला मुलगा ओसीआय कार्डावर निवांत येऊन राहतो. आईवडिलांजवळ जास्त दिवस काढता यावेत म्हणून परदेशी पासपोर्ट घेणारीही माणसं असतात. हे लक्षात ठेवा आणि मगच बोला.

आणि तिकडच्या तुम्हाला सांगतो, सगळे घेतात म्हणून घेऊ नका. रांगेत कमी वेळ उभं राहावं लागतं, व्हिसाशिवाय युरोप फिरता येतं, एवढ्यासाठी तर नकोच. नवराबायकोने एका संध्याकाळी फोन बाजूला ठेवून बसा. म्हातारपण कुठे काढायचं आहे? मुलांचं कॉलेज कुठे होणार? आईवडिलांना तिकडे यायचं आहे का, की आपणच त्यांना ओढतोय? उत्तरं लिहून काढा. दोघांची उत्तरं वेगळी निघाली तरी बिघडत नाही. एकाने नागरिकत्व घ्यायचं आणि दुसऱ्याने भारतीय पासपोर्ट ठेवायचा, असंही घर चालतं.

माझं मत विचाराल तर असं आहे. मुलं तिथेच वाढली, तिथेच राहणार, तुम्हालाही त्यांच्याजवळच राहायचं आहे, तर अपराधी न वाटता नागरिकत्व घ्या. आणि घेतलंत तर तिथे मत द्या, शाळेच्या, गावाच्या कामात उभे राहा. वीस वर्षं एका गावात काढायची आणि तिथल्या कुठल्याच निर्णयात आपला हात नाही, हे बरं नव्हे. पण चार-पाच वर्षांत परत यायचं नक्की असेल, तर थांबा.

परत येणाऱ्यांनी अमेरिकेबाबत एक गोष्ट खास विचारात घ्यावी. अमेरिका आपल्या नागरिकाकडून तो जगात कुठेही राहिला तरी कराचा हिशेब मागते. उद्या तुम्ही पुण्यात येऊन राहिलात, कमाई सगळी इथलीच असली, तरी दरवर्षी तिकडचं विवरणपत्र भरावं लागू शकतं. भारतातली बँक खाती मिळून वर्षात कधीही दहा हजार डॉलरच्या वर गेली, तर तीही कळवावी लागतात. आईच्या खात्यात सोयीसाठी तुमचं नाव जोडलं असेल, तर त्या खात्याचाही प्रश्न येतो. दोन्हीकडचे कर जाणणाऱ्या माणसाला नागरिकत्वाच्या शपथेआधी गाठा.

ठरलं, शपथ झाली. आता सगळ्यात जास्त गोंधळ जिथे होतो तिथे येऊ.

भारतीय पासपोर्टवर अजून आठ वर्षांची मुदत छापलेली असेल. तरी तो त्या दिवशी संपला. त्यावर प्रवास करू नका. "एकदाच जाऊन येतो, कोण बघतंय," असं सांगणारा मित्र भेटेल. ऐकू नका, तो गुन्हा आहे. पासपोर्ट वकिलातीकडे जमा करून रद्द करून घ्या आणि नागरिकत्व सोडल्याचा दाखला, ज्याला सगळे सरेंडर सर्टिफिकेट म्हणतात, तो मिळवा. त्याच्या प्रती काढून जपून ठेवा. तुमच्या ओसीआयला तो लागतो. पुढे मुलांच्या अर्जालाही लागू शकतो.

शपथ आणि ओसीआय कार्ड यांच्यामध्ये काही आठवडे जातात. कधी महिने. नवा पासपोर्ट यायचा, मग सरेंडर, मग ओसीआय. या मधल्या काळात तुमच्याजवळ भारतात यायला कुठलाच तयार कागद नसतो. नेमकी तेव्हाच घरून आजारपणाची बातमी आली, तर हाल होतात. म्हणून आईवडिलांची प्रकृती नाजूक असेल, शस्त्रक्रिया ठरली असेल, घरात लग्न असेल, तर शपथेची तारीख बघून घ्या. शक्य असेल तर आधी येऊन भेटून जा. शपथ झाल्यावर एक दिवसही न दवडता पुढचे अर्ज टाका. आणि तुमच्या भागातल्या वकिलातीत तातडीचा व्हिसा कसा मिळतो, हे आधीच विचारून फ्रिजवर लिहून ठेवा. वेळ आली की डोकं चालत नाही.

शपथ घेताना अमेरिकेत नाव बदलण्याची सोय असते. वडिलांचं नाव गाळून, आडनाव छोटं करून घ्यायचा मोह होतो. टाळा. तुमचा जन्मदाखला, शाळा सोडल्याचा दाखला, सातबारा, बँकेचं पासबुक, सगळीकडे जुनं पूर्ण नाव आहे. नाव बदललंच तर त्याचा मूळ कागद प्राण गेला तरी हरवू नका.

मुलांचं वेगळं बघा. अमेरिकेत ग्रीन कार्डावर तुमच्याजवळ राहणारं अठरा वर्षांखालचं मूल, आई किंवा वडील नागरिक झाले की बहुधा आपोआप तिथलं नागरिक होतं. त्याच्या भारतीय पासपोर्टचं काय करायचं, हे वकिलातीला लगेच विचारा. बारावीनंतर मुलाला भारतात डॉक्टर-इंजिनीयर करायचा बेत असेल, तर हे जास्तच ध्यानात घ्या: ४ मार्च २०२१ नंतर ओसीआय झालेल्या मुलांना नीट, जेईईसारख्या परीक्षांतून अनिवासी भारतीयांच्या जागांवरच प्रवेश मिळतो. त्या जागा थोड्या आणि फी भरमसाट. नागरिकांच्या जागा त्यांना नाहीत. आणखी एक: वीस वर्षांचं होईपर्यंत मुलाचा प्रत्येक नवा पासपोर्ट आला की तो ओसीआयच्या संकेतस्थळावर चढवायचा असतो. विशीनंतरच्या पहिल्या पासपोर्टला कार्डच नवं काढायचं.

जमिनीवरून भावाभावांत वितुष्ट येतं, म्हणून जरा सविस्तर सांगतो. ओसीआयवर शेतजमीन, मळा, फार्महाऊस विकत घेता येत नाही. परदेशी राहणाऱ्या भारतीय नागरिकालाही येत नाही. बक्षीसपत्र करूनही शेत नावावर करता येत नाही, तेव्हा वडिलांनी उत्साहाने तसा कागद करू नये. पण वारसाने येणारी जमीन येते. पासपोर्ट बदलला म्हणून वारसाहक्क जात नाही. "तू आता परदेशी झालीस, तुझा हिस्सा गेला, इथे सही कर," असं सांगून बहिणींकडून हक्कसोडपत्रावर सह्या घेतल्या जातात. सही करायची तर राजीखुशीने करा, भीतीपोटी नको. वडील गेल्यावर वारसनोंद वेळेवर लावा, सातबाऱ्यावर नाव चढलं का ते स्वतः पाहा. पुढे ती शेतजमीन विकायची झाली तर भारतात राहणाऱ्या भारतीय नागरिकालाच विकता येते.

गोव्यातल्या घरांसाठी दोन शब्द. तिथे परदेशात पाऊल न टाकताही हा प्रश्न उभा राहतो. १९ डिसेंबर १९६१ पूर्वी गोव्यात जन्मलेल्यांना आणि त्यांच्या पुढच्या पिढ्यांना पोर्तुगालच्या कायद्याने नागरिकत्वाची वाट ठेवली आहे. आजोबांचा जन्म लिस्बनला नोंदवला जातो, मग वडिलांचा, मग नातवाचा. त्या पासपोर्टवर कितीतरी गोवेकर ब्रिटनला कामाला गेले. ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडलं आणि २०२० संपताना ती मोकळीक संपली. आता एजंट काय सांगतो यावर जाऊ नका. पोर्तुगीज पासपोर्टवर आज तुम्हाला नेमकं कुठे राहता येतं, काम करता येतं, ते आधी बघा. लिस्बनला जन्म नोंदला की पोर्तुगाल तुम्हाला आपला मानतो, आणि भारताच्या बाजूने पासपोर्ट, मतदारयादी, सरकारी नोकरी यांचे प्रश्न सुरू होतात. "नुसती नोंदणी आहे, काही होत नाही," या बोलण्यावर सही करू नका. वकिलाचा सल्ला घ्या, लेखी घ्या.

आता पुन्हा घरच्या थोरांकडे. मुलं म्हणतील, तुमचंही ग्रीन कार्ड करू. हो म्हणायच्या आधी दोन-तीन महिन्यांचा हिवाळा तिथे काढून बघा. आजारपणाचा खर्च कोण करणार, हे स्पष्ट विचारा, त्यात लाजायचं काही नाही. नव्याने गेलेल्या वृद्धांना तिथलं मेडिकेअर, म्हणजे सरकारी आरोग्यविमा, सहसा पहिली पाच वर्षं मिळत नाही, आणि खाजगी विमा महाग पडतो. जायचं नसेल तर प्रेमाने नाही म्हणा. मुलांना वाईट वाटेल, पण त्यांना खरं कळू द्या.

मृत्युपत्र करून ठेवा, नोंदवून ठेवा. कुठल्या मुलाचा पासपोर्ट कुठला, हे वकिलाला सांगा. बँकेत, सोसायटीत वारसाचं नाव लावा. नागरिकत्व सोडलेल्या मुलाचं नाव गावच्या मतदारयादीत राहिलं असेल, तर फॉर्म ७ भरून काढायला लावा. ज्यांचा पासपोर्ट अजून भारतीय आहे त्यांनी मात्र फॉर्म ६अ भरून परदेशस्थ मतदार म्हणून नाव घालावं. मत द्यायला इथे यावं लागतं, पण हक्क शाबूत राहतो.

आणि कुणाला पुढे वाटलंच, पुन्हा भारतीय व्हायचं, तर तशी वाट आहे. ओसीआय होऊन पाच वर्षं झालेली हवीत. अर्जाआधीचं एक वर्ष भारतात राहिलेलं हवं. मग नोंदणीने नागरिकत्व मागता येतं, आणि तेव्हा परदेशी नागरिकत्व सोडावं लागतं. मंजुरी सरकारच्या हातात असते, वेळही लागतो. तेव्हा जुना पासपोर्ट, सरेंडरचा दाखला, भारतातल्या मुक्कामाचे कागद एका फाईलमध्ये ठेवा आणि ती फाईल कुठे आहे ते बायकोला, नवऱ्याला सांगून ठेवा.