गुडघ्याचे ऑपरेशन झाले, पण पाऊल बधिर: आयुष्मान कार्ड पुढे किती साथ देते?

गुडघ्याची वाटी बदलली, टाके निघाले, माणूस काठी घेऊन घरात चालू लागला. पण पाऊल बधिरच आहे. चप्पल पायातून निसटते आणि कळतही नाही. रायपूरमध्ये आयुष्मान कार्डावर ऑपरेशन झालेल्या कुटुंबापुढे मग दोन प्रश्न उभे राहतात. हे आपोआप बरे होईल का? आणि पुढचा खर्च कोणी करायचा?

कार्डावर काय मिळते?

आयुष्मान भारत योजना 23 सप्टेंबर 2018 रोजी सुरू झाली. तिच्यात पात्र कुटुंबाला वर्षाला 5 लाख रुपयांपर्यंतचे उपचार मिळतात. छत्तीसगडमध्ये राज्याची शहीद वीर नारायण सिंह आयुष्मान स्वास्थ्य योजना तिला जोडलेली आहे. अंत्योदय आणि प्राथमिकता शिधापत्रिकाधारकांना 5 लाखांपर्यंत, इतर शिधापत्रिकाधारकांना 50 हजारांपर्यंत मदत मिळते. ऑक्टोबर 2024 पासून 70 वर्षांवरील सर्वांना, उत्पन्न कितीही असो, वय वंदना कार्ड मिळते.

ऑपरेशनचे पैसे रुग्णालयाला पॅकेजच्या रूपात मिळतात. भरती होण्यापूर्वीचे 3 दिवस आणि घरी सोडल्यानंतरचे 15 दिवस त्यातच धरलेले असतात. या काळातील तपासणी, औषधे आणि ऑपरेशनमुळे उद्भवलेला त्रास यांसाठी वेगळे पैसे द्यायचे नसतात.

15 दिवस आणि नसेचा वेग

खरी अडचण इथेच आहे. गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूने पावलाकडे जाणारी नस ऑपरेशनमध्ये ताणली किंवा दाबली गेली, तर पावलाचा वरचा भाग बधिर होतो आणि पंजा वर उचलत नाही. असे फार थोड्या रुग्णांत होते. पाय आधीपासून बाहेरच्या बाजूला वाकलेला असेल किंवा गुडघा बराच काळ आखडलेला असेल, तर धोका वाढतो. नस नुसती दबली असेल तर काही आठवड्यांत किंवा महिन्यांत सुधारणा होते. आतील तंतू तुटले असतील तर ते दिवसाला साधारण 1 मिलिमीटर वाढतात. गुडघ्यापासून पंजापर्यंत 40 सेंटीमीटर धरले, तर वर्षाहून जास्त काळ लागतो.

म्हणजे नस वर्षाच्या हिशेबाने चालते, पॅकेज 15 दिवसांच्या. नसेची तपासणीही साधारण तीन-चार आठवड्यांनंतरच नीट निदान देते. तोवर पॅकेजची मुदत संपलेली असते. भरती न होता घेतलेली ओपीडी सेवा, पंजाचा पट्टा आणि फिजिओथेरपी यांचा खर्च मग बहुधा कार्डाबाहेर जातो. योजना ऑपरेशन मोजते, त्यानंतरचे चालणे मोजत नाही. ही उणीव धोरणातली आहे, त्यात रुग्णाची चूक नाही.

प्रत्येक बधिरपणा सारखा नसतो

- टाक्यांच्या बाजूला, गुडघ्याच्या बाहेरच्या अंगाला बधिर पट्टा राहणे नेहमीचे आहे. त्वचेची बारीक नस कापली गेल्याने तसे होते. त्याने चालण्यात अडथळा येत नाही.
- दोन्ही पावलांना मुंग्या येत असतील तर मधुमेह, बी-12 ची कमतरता किंवा कमरेच्या मणक्याचा त्रास असू शकतो. तो ऑपरेशनपूर्वीचाही असतो.
- पंजा उचलत नसेल तर त्याच दिवशी डॉक्टरांना सांगावे. घट्ट पट्टी सैल करणे, गुडघा थोडा वाकवून ठेवणे हे उपाय लगेच करायचे असतात.
- पाऊल थंड किंवा पांढरे पडले, पोटरी सुजून दुखू लागली, ताप आला किंवा दम लागला, तर वाट पाहू नये. 108 ला फोन करून रुग्णालयात जावे.

आपण काय करावे?

1. घरी येण्यापूर्वी डिस्चार्ज कार्डावर बधिरपणाची नोंद करून घ्यावी. तोंडी सांगितलेले पुढे उपयोगी पडत नाही.
2. 15 दिवसांच्या आत त्याच रुग्णालयात दाखवावे. पैसे मागितल्यास पावती मागावी आणि 14555 वर तक्रार नोंदवावी. जिल्हा पातळीवर जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली तक्रार निवारण समिती असते.
3. मुदत संपली असेल तर मेकाहारा म्हणजे डॉ. आंबेडकर रुग्णालय किंवा टाटीबंधचे एम्स यांची ओपीडी हा कमी खर्चाचा मार्ग आहे. सगळी जुनी कागदपत्रे आणि एक्स-रे सोबत न्यावेत.
4. काही महिन्यांत सुधारणा नसेल आणि नस मोकळी करण्यासाठी किंवा जंतुसंसर्गासाठी पुन्हा भरती व्हावे लागले, तर वर्षातील शिल्लक रकमेतून नवीन मंजुरी मागता येते. आयुष्मान मित्राला आधीच विचारावे.
5. दोष कायम राहिला तर दिव्यांग प्रमाणपत्रासाठी अर्ज करावा. बहुतेक सवलतींसाठी किमान 40 टक्के दिव्यांगत्व लागते. दारिद्र्यरेषेखालील किंवा महिना 15 हजारांपर्यंत उत्पन्न असलेल्या 60 वर्षांवरील व्यक्तींना राष्ट्रीय वयोश्री योजनेतून काठी, वॉकर यांसारखी साधने मिळू शकतात.

बधिर पावलाला चटका किंवा जखम कळत नाही. म्हणून रोज रात्री पाऊल उजेडात तपासावे, अनवाणी चालू नये आणि गरम पाण्याची पिशवी पायावर ठेवू नये. या काळजीला कोणतेही कार्ड लागत नाही.