‘आरोग्या’ची किंमत कोण मोजतो?

पगारदार माणसाच्या घरी महिन्याच्या वाणसामानाची यादी होते, तेव्हा तांदूळ, डाळ आणि तेल यांच्या जोडीला तीत एक डबा आवर्जून असतो. मुलांच्या दुधात घालावयाच्या भुकटीचा. इतर खर्चाला कात्री लागली तरी या डब्याला ती सहसा लागत नाही, कारण हा खर्च चैनीचा नसून आरोग्याचा आहे अशी घरातील मंडळींची समजूत असते. ही समजूत कोठून आली आणि तिची किंमत कोण मोजतो, हा प्रश्न केवळ आहारशास्त्राचा नाही. तो अर्थशास्त्राचाही आहे.

एप्रिल २०२४ मध्ये केंद्रीय वाणिज्य मंत्रालयाने ऑनलाइन विक्री करणाऱ्या कंपन्यांना सूचना दिली, की बोर्नव्हिटासह अशी पेये ‘आरोग्यपेय’ या सदरातून काढून टाकावीत. राष्ट्रीय बालहक्क संरक्षण आयोगाने केलेल्या चौकशीत असे आढळले होते, की २००६ च्या अन्नसुरक्षा व मानके कायद्यात ‘आरोग्यपेय’ अशी संज्ञाच नाही. म्हणजे ज्या शब्दावर विश्वास ठेवून घरोघरच्या आईबापांनी वर्षानुवर्षे पैसे मोजले, त्या शब्दाला कायद्याचा कोणताही आधार नव्हता! त्याच महिन्यात हिंदुस्थान युनिलिव्हरनेही आपल्या अशा पेयांच्या वर्गाचे नाव बदलले. अर्थात, नाव बदलल्याने डब्यातील साखर कमी होत नाही. बोर्नव्हिटाच्या १०० ग्रॅम भुकटीत वरून घातलेली साखर २०२३ पर्यंत ३७ ग्रॅमांहून अधिक होती. समाजमाध्यमांवर गवगवा झाल्यानंतर ती सुमारे ३२ ग्रॅमांवर आणण्यात आली.

उत्पादकांचे म्हणणे असे, की एका वेळी दोन चमचेच भुकटी घ्यावयाची असते व तेवढ्यात साखर फार नसते. शिवाय तीत जीवनसत्त्वे घातलेली असतात. हे खोटे नाही. परंतु मूल दिवसातून दोनदा हे दूध पिते, त्यात घरची साखर वेगळी पडते आणि सोबत बिस्किटे असतात. दिवसाच्या एकूण उष्मांकांपैकी अशा मोकळ्या साखरेचा वाटा १० टक्क्यांहून कमी आणि शक्य तर ५ टक्क्यांहून कमी असावा, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये सांगितले. दोन हजार उष्मांक घेणाऱ्या प्रौढालाही ही दुसरी मर्यादा सुमारे २५ ग्रॅमांची, म्हणजे सहा चमच्यांची पडते. मुलाची त्याहून कमी.

खरे बोलून दिशाभूल

विक्रेत्याला मालाविषयी सर्व ठाऊक आणि ग्राहकाला काहीच नाही, अशा बाजारात काय घडते याचे विवेचन जॉर्ज अकेरलॉफ या अर्थशास्त्रज्ञाने १९७० मध्ये जुन्या मोटारींच्या उदाहरणावरून केले. त्याला २००१ मध्ये नोबेल पारितोषिकाचा मान मिळाला. ग्राहकाला भल्याबुऱ्यातील फरक ओळखता येत नसेल, तर चांगल्या मालाला योग्य भाव मिळत नाही आणि वाईट माल त्याला बाजारातून हुसकावून लावतो. खाद्यपदार्थांच्या बाबतीत तर अडचण अधिकच बिकट आहे. बिघडलेली मोटार महिन्याभरात रस्त्यात बंद पडते. आहारातील दोष पंधरा-वीस वर्षांनी मधुमेहाच्या रूपाने पुढे येतो. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात १० कोटींहून अधिक मधुमेही आहेत. त्यांपैकी कोणाला कोणत्या डब्याने किती हातभार लावला, हे कोणतेही न्यायालय ठरवू शकणार नाही. जबाबदारी निश्चित होत नाही, म्हणूनच ती कोणाला वाटतही नाही.

यातील खरी चलाखी अशी, की खोटे बोलण्याची गरजच पडत नाही. शेंगदाण्याच्या वा सूर्यफुलाच्या तेलावर ‘कोलेस्टेरॉलमुक्त’ असे छापलेले असते. ते खरेच असते, कारण कोलेस्टेरॉल केवळ प्राणिज पदार्थांतच आढळते. कोणत्याच वनस्पती तेलात जे नाही, ते ‘आमच्या’ तेलात नाही, एवढाच त्याचा अर्थ! बहुधान्य बिस्किटांत नाचणी, ओट यांची नावे मोठी आणि प्रमाण थोडे असते. मुख्य घटक बहुधा मैदाच. घटकपदार्थांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने छापावी लागते खरी. पण साखर, लिक्विड ग्लुकोज, इन्व्हर्ट सिरप अशा निरनिराळ्या नावांनी गोडी विभागली, की साखरेचा क्रम आपोआप खाली घसरतो.

देशी म्हणून जे विकले जाते तेही या नियमाला अपवाद नाही. गुळाची वा मधाची म्हणून जी मिठाई ‘साखरविरहित’ ठरते, तिच्यातही साखरच असते. स्वदेशीचा अभिमान वेगळा आणि रक्तातील शर्करा वेगळी.

ऐंशी वर्षांचा विलंब

सरकार वेळीच लक्ष घालील, या भरवशावर राहणे किती महाग पडते, याचे उदाहरण वनस्पती तुपाचे आहे. १९३७ मध्ये डालडा बाजारात आला. तुपाला स्वस्त आणि पौष्टिक पर्याय म्हणून त्याची जाहिरात झाली व दोन पिढ्यांनी त्यावर विश्वास टाकला. तेलात हायड्रोजन मिसळून ते घट्ट करण्याच्या प्रक्रियेत निर्माण होणारी ट्रान्स चरबी हृदयाला घातक ठरते, हे पुढे सिद्ध झाले. तेला-तुपातील तिचे प्रमाण २ टक्क्यांवर आणण्याचा नियम मात्र जानेवारी २०२२ पासून लागू झाला.

दुसरे उदाहरण तर काळजाला हात घालणारे आहे. हगवणीने सुकलेल्या बालकाला मीठ, साखर व पाणी यांचे नेमके प्रमाण असलेले द्रावण जीवदान देते, हे डॉ. दिलीप महालनबीस यांनी १९७१ मध्ये बनगावच्या निर्वासितांच्या छावणीत दाखवून दिले. ‘ओआरएस’ ही अक्षरे त्या द्रावणाची. तीच अक्षरे नावात घेऊन भरमसाट साखरेची फळपेये औषधांच्या दुकानांतूनही विकली गेली. अतिरिक्त साखर हगवण थांबवीत नाही, उलट वाढवू शकते. एका बालरोगतज्ज्ञ महिलेने वर्षानुवर्षे पाठपुरावा केल्यावर ऑक्टोबर २०२५ मध्ये अन्नसुरक्षा प्राधिकरणाने त्या अक्षरांच्या अशा वापरास मनाई केली.

वाचावयाचे कोणत्या भाषेत?

‘ग्राहकाने लेबल वाचून निर्णय घ्यावा’ हा युक्तिवाद वरकरणी बिनतोड वाटतो. पण वाचावयाचे कोणत्या भाषेत? कायद्यानुसार हा मजकूर इंग्रजीत किंवा हिंदीत असला की पुरे. मराठीची सक्ती नाही. डब्याच्या दर्शनी भागावर सुदृढ मुलाचे चित्र आणि मागे मुंगीच्या पावलाएवढ्या अक्षरांत इंग्रजी कोष्टक, अशा स्थितीत गडहिंग्लजच्या वा हिंगोलीच्या पालकाला निवडीचे स्वातंत्र्य आहे असे म्हणणे, ही त्याची थट्टा आहे.

उपाय अज्ञात नाही. चिली या देशाने २०१६ पासून साखर, मीठ, चरबी वा उष्मांक अधिक असलेल्या पाकिटांवर दर्शनी बाजूलाच काळे अष्टकोनी इशारे छापणे सक्तीचे केले. निरक्षरालाही ती खूण कळते. आपल्याकडे प्राधिकरणाने २०२२ मध्ये ताऱ्यांची प्रतवारी सुचविली. तीत मोठा दोष असा, की गुणांची आणि दोषांची बेरीज-वजाबाकी होऊन चार बदाम घातल्याने साखरेचे पाप धुतले जाते. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२५ मध्ये या प्रश्नावर तीन महिन्यांत शिफारशी मागविल्या. ती मुदत पुढे वाढवून द्यावी लागली.

तारे नकोत, इशारा हवा, तो दर्शनी बाजूला हवा आणि राज्याच्या भाषेत हवा. ‘आरोग्य’, ‘पौष्टिक’, ‘शक्तिवर्धक’ हे शब्द वापरावयाचे असतील, तर साखरेची व मिठाची ठराविक मर्यादा पाळण्याची अट घालावी. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला कायद्यात १० लाख रुपयांपर्यंत दंड आहे. कोट्यवधींच्या उलाढालीत ती रक्कम जाहिरातीच्या खर्चातच जमा होते. तो विक्रीच्या प्रमाणात आकारला जावा.

तोपर्यंत पालकांनी व शिक्षकांनी एक साधा हिशेब मांडावा. त्या डब्याच्या पैशात महिन्याकाठी किती दूध, किती अंडी, किती शेंगदाणे आणि फुटाणे येतात? दोन वेळच्या वरणभाताला, भाकरीला आणि मुठभर शेंगदाण्यांना जाहिरात परवडत नाही. म्हणून त्यांचे पोषणमूल्य कमी होत नाही. आरोग्याच्या नावाखाली सर्वाधिक भुर्दंड ज्या वर्गाला पडतो, तो आपला आहे. ही मागणी त्यानेच लावून धरली पाहिजे.