रकाना नसलेले काम

वाण्याकडची पुडी सोडली की आतल्या जिन्नसाआधी वरचा कागद वाचून काढणारी माणसे आमच्या पिढीत घरोघर होती. अर्धी फाटलेली बातमी, शेवट हरवलेली गोष्ट, कुठल्या अनोळखी गावच्या सभेचा वृत्तांत, जे हाती येईल ते वाचायचे. अशा वाचनाने कुणाचे आयुष्य घडल्याचे सहसा ऐकिवात नाही. पण अमेरिकेतील एका शेतकऱ्याच्या मुलाचे ते घडले. वर्तमानपत्रात छापलेल्या एका मजकुरावरून तो एक विद्या शिकला आणि त्या एका विद्येवर वयाच्या पन्नाशीपर्यंत मैदानात उभा राहिला. त्याचे नाव हॉइट विल्हेल्म. व्यवसायाने तो बेसबॉलचा गोलंदाज. तिकडे त्याला पिचर म्हणतात.

विल्हेल्मचा जन्म उत्तर कॅरोलायना राज्यातील हंटर्सव्हिल या लहान गावचा. शाळेत खेळत असतानाच एक गोष्ट त्याच्या ध्यानात आली, की चेंडू भयंकर वेगाने फेकण्याची ताकद आपल्या हातात नाही. त्या सुमारास वर्तमानपत्रात डच लेनर्ड नावाच्या नामांकित पिचरविषयी लिहून आले होते. लेनर्डचे अस्त्र होते ‘नकलबॉल’. तो चेंडू बोटांच्या टोकांनी, नखांजवळून, कसा धरायचा हे तिथे दाखविले होते. जवळ गुरू नव्हता, शिबिर नव्हते. या मुलाने एक टेनिसचा चेंडू घेतला आणि त्या कागदाबरहुकूम बोटे बसवू लागला.

या नकलबॉलची गंमत अशी आहे, की त्यात जोर नसतो आणि फिरकीही नसते. चेंडू गरगर फिरला तर हवेतून एका ठरावीक वाटेने जातो. पण तो जवळजवळ न फिरता निघाला, तर त्याच्या शिवणीवरून वाहणारी हवा कधी या बाजूला, कधी त्या बाजूला सुटते आणि चेंडू वाटेतच डगमगतो, घसरतो, एकाएकी खाली येतो. तो कुठे जाईल हे फलंदाजाला कळत नाही, झेलणाऱ्याला कळत नाही आणि खरे सांगायचे तर फेकणाऱ्यालाही कळत नाही. मात्र यात मनगटाला झटका आणि कोपराला पीळ कमी असल्यामुळे हात वर्षानुवर्षे टिकतो. ज्याला लोक उणेपणा समजत होते, तो हळूपणाच पुढे या मुलाची शिदोरी झाला.

पण शिदोरी सोडायला वेळ लागला. १९४२ मध्ये तो एका अगदी खालच्या पातळीवरच्या व्यावसायिक संघात आला, आणि त्याच वर्षी त्याला सैन्यात जावे लागले. १९४४ च्या डिसेंबरात युरोपात बर्फाळलेल्या आर्देनच्या अरण्यात जी भीषण लढाई झाली, तीत तो जखमी झाला. जखमी सैनिकाला मिळणारे ‘पर्पल हार्ट’ हे पदक त्याला मिळाले आणि तोफगोळ्याचा एक तुकडा पाठीत कायमचा राहिला. युद्धाहून परतल्यावर तो पुन्हा त्याच खालच्या पायरीवर उभा राहिला. लहान गावे, लहान मैदाने, तुटपुंजी बिदागी, आणि हा काय हळू चेंडू टाकतो, असे म्हणून नाक मुरडणारे जाणते. या अवस्थेत आणखी सहा वर्षे गेली. १९५२ साली न्यूयॉर्क जायंट्सने त्याला पहिल्या श्रेणीत घेतले तेव्हा तो तिशीला टेकला होता. ज्या वयात इतर खेळाडू पुढच्या पोटापाण्याचा विचार करू लागतात, त्या वयात याचा प्रवेश झाला.

आणि प्रवेश झाला तो ‘रिलीफ पिचर’ म्हणून. हे पद काय आहे ते थोडे समजावून घेतले पाहिजे. क्रिकेटमध्ये दमलेला गोलंदाज सीमारेषेवर उभा राहून विसावा घेतो आणि तासाभराने पुन्हा चेंडू हाती घेतो. बेसबॉलमध्ये ती सोय नाही. एकदा बदललेला खेळाडू त्या सामन्यात परत येऊ शकत नाही. सामना नऊ डावांचा. पहिला पिचर दमला किंवा मार खाऊ लागला, की व्यवस्थापक मैदानात येतो, त्याच्या हातातून चेंडू काढून घेतो आणि कडेला हात मोकळे करीत असलेल्या दुसऱ्या पिचरला बोलावतो. हा दुसरा तो रिलीफ पिचर. तो येतो तेव्हा बहुधा घर पेटलेलेच असते. धाव घेण्यासाठी टपलेले प्रतिपक्षाचे गडी तिन्ही टप्प्यांवर उभे असतात. त्यांना तिथवर पोचविले दुसऱ्या कोणीतरी, आता अडवायचे याने.

याहून नवलाचा आहे तो हिशेब. आघाडी मिळाली असताना पहिला पिचर बाहेर गेला आणि ती आघाडी याने प्राण पणाला लावून शेवटपर्यंत राखली, तर ‘विजय’ नोंदविला जायचा पहिल्याच्या नावावर. याच्या नावापुढे काय? काहीच नाही. त्या कामासाठी नोंदवहीत रकानाच नव्हता. त्यामुळे हे काम पुष्कळ वर्षे उतरत्या वयाच्या किंवा मुख्य जागेवर न टिकलेल्या पिचरांकडे जाई, आणि त्यात कोणाला भूषण वाटत नसे.

विल्हेल्मने मात्र हे काम पडत्या फळासारखे झेलले. पहिल्याच हंगामात तो ७१ सामन्यांत खेळला, त्यांतला एकही त्याने स्वतः सुरू केला नव्हता. त्याने १५ विजय मिळविले आणि नऊ डावांमागे सरासरी सर्वांत कमी धावा देण्याचा मान त्याच्या लीगमध्ये त्यालाच मिळाला. त्याच हंगामातली एक मौज सांगण्यासारखी आहे. पहिल्या श्रेणीत प्रथमच फलंदाजीला आला असता त्याने चेंडू थेट मैदानाबाहेर भिरकावून ‘होम रन’ काढली. पुढे एकवीस हंगाम खेळला, चारशेहून अधिक वेळा फलंदाजी केली, पण दुसरी होम रन काही त्याच्या हातून झाली नाही. नियतीने जणू एक खोबऱ्याची वाटी आधीच हातावर ठेवून सांगितले, की बाबा रे, आता मुकाट्याने आपल्या कामाला लाग.

त्याचे काम सोपे नव्हते, आणि त्याच्या कॅचरचे तर मुळीच नव्हते. फलंदाजामागे बसून चेंडू झेलणाऱ्या त्या बिचाऱ्याची विल्हेल्मपुढे त्रेधा उडे. चेंडू हातातून निसटला की टप्प्यावरचा गडी एक टप्पा पुढे सरके. १९५८ च्या ऑगस्टमध्ये तो बाल्टिमोर ओरिओल्स संघात आला. तिथे त्याला सामना सुरू करण्याचीही संधी मिळाली. २० सप्टेंबर १९५८ रोजी बलाढ्य न्यूयॉर्क यांकीजविरुद्ध त्याने पूर्ण सामन्यात एकालाही धड फटका मारून टप्पा गाठू दिला नाही. सामना १-० असा जिंकला, आणि ती एकमेव धाव काढली ती कॅचर गस ट्रायँडोसने. ज्याला या चेंडूंनी सर्वांत अधिक छळले, त्यानेच त्याची लाज राखली! पुढे १९६० मध्ये पॉल रिचर्ड्स या व्यवस्थापकाने नेहमीपेक्षा बराच मोठा हातमोजा मुद्दाम बनवून घेतला, केवळ विल्हेल्मचे चेंडू अडावेत म्हणून. नंतर हातमोज्याच्या आकाराला नियमाने मर्यादा घालावी लागली.

एवढे असूनही एका घरी तो फार टिकला नाही. एकूण नऊ संघांत तो फिरला. कोणी अदलाबदलीत दिला, कोणी सोडून दिला. सरकारी नोकरीत बदल्यांचे बोचके बांधणाऱ्या आपल्या वाचकांना हे दुःख वेगळे सांगायला नको. पण १९६४ ते १९६८ या सलग पाच हंगामांत, म्हणजे वयाच्या बेचाळिसाव्या ते सेहेचाळिसाव्या वर्षी, त्याने नऊ डावांमागे सरासरी दोनहूनही कमी धावा दिल्या. १९७० मध्ये एक हजार सामन्यांत गोलंदाजी करणारा तो पहिला पिचर ठरला.

आणि तो रकाना? शिकागोचे एक क्रीडा-वार्ताहर जेरोम होल्ट्झमन यांना हा अन्याय खटकत होता. १९६० च्या सुमारास त्यांनी ‘सेव्ह’, म्हणजे राखलेला सामना, मोजण्याची रीत मांडली. १९६९ मध्ये ती अधिकृत झाली. त्या वेळी विल्हेल्मने शेचाळिशी ओलांडली होती. त्याची बहुतेक कारकीर्द अशा कामात गेली, ज्याला तो करीत असताना नावच नव्हते. नंतर जुनी दप्तरे तपासून मोजदाद झाली तेव्हा त्याच्या खात्यावर सव्वादोनशेहून अधिक राखलेले सामने निघाले. शिवाय त्याच्या १४३ विजयांपैकी १२४ तो मदतीला धावून आला असताना मिळालेले होते.

१० जुलै १९७२ रोजी लॉस एंजेलिस डॉजर्सतर्फे तो शेवटचे खेळला. हा त्याचा १०७० वा सामना. त्या वेळी सर्वत्र त्याचे जन्मवर्ष १९२३ छापले जात असे. खरे वर्ष १९२२ हे मागाहून स्पष्ट झाले. म्हणजे तो थांबला तेव्हा पन्नाशी अवघ्या सोळा दिवसांवर होती. शाळेच्या दाखल्यावरची जन्मतारीख आणि घरची जन्मतारीख यांतले अंतर आम्हा मुख्याध्यापकांना नवे नाही. पण इथे वय कमी लागले म्हणून पराक्रमही कमी लागला होता.

कूपर्सटाउन येथे बेसबॉलच्या थोर खेळाडूंचे कीर्तिमंदिर आहे. क्रीडालेखक मतदान करून तिथे निवड करतात. विल्हेल्मला सात वेळा पुरेशी मते मिळाली नाहीत. आठव्या वेळी, १९८५ मध्ये, त्याची निवड झाली. त्या मंदिरात गेलेला तो पहिला रिलीफ पिचर. तोवर तो तरुण पिचरांना शिकविण्याच्या कामाला लागला होता. २३ ऑगस्ट २००२ रोजी फ्लॉरिडा राज्यातील सारासोटा येथे तो निवर्तला.

वाचकहो, या परक्या खेळाची ही कथा लिहिताना माझ्या डोळ्यांपुढे आमच्याच शाळेतील एक वही येत होती. रजेवर गेलेल्या शिक्षकाचा तास कोणी घेतला, याची ती नोंद. एखादे गुरुजी दोन महिने आजारी असतात, परीक्षा तोंडावर आलेली असते, अभ्यासक्रम अर्ध्यावर असतो, आणि दुसरे कोणी आपले तास सांभाळून तो वर्ग तडीस नेतात. निकाल लागतो तेव्हा पत्रकात नाव असते ते मूळ शिक्षकाचे. त्यात लबाडी नसते, पत्रकाचा नमुनाच तसा असतो. घरातही असेच चालते. वडीलधाऱ्यांच्या दुखण्यात रात्री जागणारी सून, भावाचे अपुरे राहिलेले कर्ज फेडणारा धाकटा, यांच्या कामाला कुठल्या पत्रकात रकाना आहे?

आमची ती वही वर्षअखेरीस रद्दीत जात असे. यंदा शिपाई ती न्यायला आला तेव्हा मी ती ठेवून घेतली आणि एका कोऱ्या कागदावर नावे व तास यांची बेरीज मांडायला बसलो. एका बाईंच्या नावापुढे एकशे चाळीस तास निघाले. त्या सोळा वर्षे आमच्याकडे आहेत, आणि मला आजवर हा आकडा ठाऊक नव्हता.