सीनाकाठचे पिंप

निजामशाहीत ज्या शहरात खापरी नळांनी दुरून पाणी खेळविले गेले, त्या अहिल्यानगरात सीनेकाठी दाटीवाटीने राहणाऱ्या गरिबाच्या नळाला रोज पाणी येत नसेल, तर तो पिंप भरून ठेवणार, आणि पिंपाच्या आतल्या अंगाला, पाण्याच्या रेषेलगत, डेंग्यूच्या डासाची मादी अंडी घालणार, हा सृष्टिक्रम होय; त्याला रहिवाशांचे अज्ञान म्हणणे ही निव्वळ दफ्तरी सोय! ती अंडी कोरड्यातही महिनोन्‌महिने तग धरतात, म्हणून पिंप नुसते रिकामे करून भागत नाही, घासावे लागते. याच जिल्ह्यात जामखेडला १९७० पासून डॉ. आरोळे दांपत्याने अल्पशिक्षित स्त्रियांना आरोग्यसेविका करून शुद्ध पाणी व शोषखड्डे यांना औषधाइतकीच प्रतिष्ठा दिली. तो कित्ता शहराने गिरविण्यास हरकत कोणती? महानगरपालिकेने धूरफवारणीपूर्वी नियमित पाण्याची तरतूद करावी आणि तिचा हिशेब वस्तीतील बायांपुढे मांडावा.