खावटी, उचल आणि बचत गट

दाभोशाचा धबधबा पाहण्यासाठी पावसाळ्यात शहरांतील मंडळी जव्हारला येतात. त्याच आषाढ-श्रावणात भोवतालच्या पाड्यांवरील कणग्या रिकाम्या होत आलेल्या असतात; नागली-वरई घरात यावयास दिवाळी जवळ यावी लागते. आदिवासी कुटुंब कर्जात शिरते ते मुख्यतः या महिन्यांत. म्हणून जव्हार-मोखाड्यात छोट्या कर्जाचा विचार करताना, ते कोणत्या महिन्यात मिळते व कोणत्या महिन्यात फेडावयाचे, हा प्रश्न व्याजदराइतकाच महत्त्वाचा ठरतो.

जुन्या ठाणे जिल्ह्यात लग्नासाठी काढलेल्या कर्जापायी नवराबायको दोघेही सावकाराचे ‘लग्नगडी’ होत. १९४५ च्या वारली उठावात गोदावरी व शामराव परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली या पद्धतीवर घाव बसला. १९७६ च्या कायद्याने वेठबिगारी देशभर रद्द झाली. परंतु कर्जाने माणूस बांधण्याची रीत रूप पालटून टिकली. आज वीटभट्टीचा मालक आगाऊ उचल देतो आणि दिवाळीनंतर कुटुंबच्या कुटुंब भट्टीवर जाऊन ती अंगमेहनतीने फेडते. २०२१ साली मोखाडा तालुक्यात अवघ्या ५०० रुपयांच्या उचलीवरून वेठबिगारीचा गुन्हा नोंदवला गेला. रक्कम क्षुल्लक असली, तरी ती देणाराच मजुरीचा दर ठरवीत असेल तर माणूस गहाण पडतो.

ही गरज शासनाने ओळखली नव्हती, असे नाही. १९७८ पासून आदिवासी विकास महामंडळामार्फत पावसाळ्यासाठी खावटी कर्ज दिले जाई. पुढे ती योजना बंद पडली. २०२० साली ती एका वर्षापुरती अनुदानरूपाने परतली: कुटुंबास ४,००० रुपये, निम्मे रोख व निम्मे वस्तुरूपात. उपासमारीचे महिने मात्र दरवर्षी येतात.

१९९२ पासून नाबार्डने बचत गटांना बँकांशी जोडले. गटाचे खरे बळ आपल्याच बचतीतून मिळणाऱ्या लहान कर्जात आहे. आजारपण वा बियाणे यांसाठी बाईला सावकाराचा उंबरठा चढावा लागत नाही आणि परतफेडीची मुदत शेजारणी परिस्थिती पाहून ठरवू शकतात. खाजगी कंपन्यांच्या ठरीव हप्त्यांना अशी सवड नसते. शिवाय १०,००० रुपये घेऊन ५० आठवड्यांत ११,२०० फेडले, तर व्याज १२ टक्के भासते. पण मुद्दल दर आठवड्यास घटत असल्याने वर्षभर सरासरी निम्मीच रक्कम हाती राहते व खरा दर दुपटीच्या आसपास जातो. आठवडी हप्ता भाजीविक्रेतीला झेपेल. वर्षातून एकदा पीक घेणाऱ्याला तो नव्या कर्जाकडे ढकलतो.

कर्जाने दारिद्र्य हटत नाही, हा आक्षेप रास्त आहे. मजुरी, जमीन व पाणी यांचे प्रश्न कर्जाने सुटत नाहीत. परंतु श्रावणात हाती आलेल्या थोड्या पैशांमुळे एखादे कुटुंब भट्टीवाल्याची उचल नाकारू शकले, तर मजुरीच्या सौद्यात त्याचे पाऊल घट्ट रोवले जाते. छोट्या कर्जाचे यश याच कसोटीवर मोजले पाहिजे.

म्हणून कार्यकर्त्यांनी तीन मागण्या लावून धराव्यात: खावटी दरवर्षी ज्येष्ठातच मिळावी, गटांच्या बँककर्जाची परतफेड पीक आल्यानंतर सुरू व्हावी, आणि दिवाळीनंतर पाड्यालगत रोजगार हमीचे काम निघून त्याची मजुरी वेळेवर मिळावी. यांतील तिसरी पुरी झाली नाही, तर पहिल्या दोन अपुऱ्या पडतील.